ताळ्याचा आकडा

जुलैचा शेवट. पीक विम्याची मुदत संपत आलेली, त्यामुळे नळदुर्गच्या बाजारातल्या ई-सेवा केंद्राची रांग रस्त्यावर आलेली. आत एक पंखा, एक संगणक आणि एकच पोरगा. माझ्या पुढे धोतरातले एक मामा सोयाबीनचा अर्ज भरायला बसले होते. आधार कार्ड घरी राहिलं होतं, पण क्रमांक तोंडपाठ.

"सांगा मामा. सावकाश."

मामा जोड्या करून सांगू लागले. बारा आकडे झाले आणि पडद्यावरची चौकट लाल झाली. क्रमांक चुकीचा.

"पस्तीस म्हणलो की रं मी. तू त्रेपन्न हाणलास."

पोराने ५ आणि ३ यांची जागा बदलली. लाल गेलं.

त्या वेळी केंद्रातलं इंटरनेट बंद होतं. म्हणजे यंत्राने दिल्लीला विचारलं नव्हतं, विचारूच शकत नव्हतं. मामा कोण, त्यांचा क्रमांक काय, हे त्याच्या गावीही नव्हतं. तरी आकडे उलटे पडलेत हे त्याला कळलं. आधारच्या बारा आकड्यांपैकी अकराच खरे कामाचे असतात. बारावा त्या अकरांवरून काढलेला असतो. तो काही नवं सांगत नाही, फक्त आधीचे नीट आलेत का याची साक्ष देतो. शाळेत आपण वजाबाकी झाली की ताळा बघायचो, तसा हा क्रमांकाच्या शेपटीला कायमचा बांधून टाकलेला ताळा.

ताळा हा शब्द मराठीत किती ठिकाणी शिरला आहे पाहा. पडताळा, पडताळणी, ताळेबंद, ताळमेळ. हिशेब एकदा करून भागत नाही, तो दुसऱ्या वाटेने जाऊन भेटला पाहिजे, ही आपल्या कारकुनी जगाची जुनी सवय. तिच्यातला सगळ्यात स्वस्त प्रकार नवाचा: संख्येतले आकडे मिळवायचे, नऊ आले की टाकायचे, उरलेला आकडा जुळतो का बघायचा. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्ता'त ही रीत आहे. पण ती नेमकी मामांच्या चुकीला आंधळी आहे. पाच अधिक तीन आणि तीन अधिक पाच, दोन्ही आठच. जुन्या हिशेबनिसांनी मग उलटा उपयोग शोधला: बेरजेतला फरक नऊने भागला गेला, तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत असं समजून वही पुन्हा चाळायची. चूक झाली हे कळलं, कुठे झाली ते मात्र डोळे फोडून शोधायचं.

हिशेब एकाच वहीत असेल तोवर हे चालतं. आकडा प्रवासाला निघाला की गोष्ट बदलते.

आमचा धाराशिव जिल्हा प्रवासाच्या वाटेवरचा. दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर म्हणजे आजचं तेर. पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव म्हणून ते येतं. तिथला माल गाड्यांवर लादून भरूचच्या बंदराला जाई. पुढच्या काळात, लातूर आणि बार्शीच्या पेठांमधून कापूस नि गळिताची धान्यं जात तेव्हा, पैसा मात्र गाडीवर जात नसे. कागदावर जाई. त्या कागदाचं नाव हुंडी, आणि माझ्या मते आधारच्या बाराव्या आकड्याची थोरली आजी तीच.

हजाराची हुंडी लिहिताना साहुकार हजार हा आकडा लिही. मग अक्षरी एक हजार. मग निमे पाचशे, त्याचे दुप्पट. एकच रक्कम तीनचार वेषांत. वाटेत शाई पसरली, कागद घडीवर फाटला, एखादं शून्य गेलं, तरी निम्म्यावरून पूर्ण काढता येई. कोणी लबाडीने एकाचे सात केले तर बाकीची ठिकाणं चुगली करत. निजामाच्या मुलखात आणखी एक भानगड होती: रुपये हाली सिक्क्याचे की इंग्रजी कलदार, हेही लिहावं लागे, कारण दोन्हींचा भाव वेगळा आणि बार्शीची हद्द ओलांडली की राज्यच वेगळं. शिवाय ज्याच्यावर हुंडी काढली त्या पेढीला वेगळं पत्र जाई. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. तीही गेली तर मेजर. निरोप पोहोचला नाही तर पुन्हा पाठवायचा आणि दोनदा पोहोचला तरी पैसे एकदाच द्यायचे, हा नियम आजचं इंटरनेट पाळतं. साहुकार तो विनातक्रार पाळत होता.

पत्रांचंही तसंच. शिवकालीन कागदाच्या तळाशी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा असते. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसवली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. निरोप कुठे संपतो हे सांगणं हाही निरोपाचाच भाग असतो, हे आमच्या चिटणिसांना कोणी शिकवायला आलं नव्हतं.

इथे कोणी घनपाठाची आठवण काढील आणि ती रास्त आहे. पहिला शब्द दुसऱ्याशी, दुसरा पहिल्याशी, पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा, असं मागेपुढे विणत गेलं की पाठांतरातला एक धागा तुटला तरी शेजारचे सांगतात. पण म्हणून सगळं आपल्याकडे आधीच होतं, ही उडी मी मारणार नाही. जास्तीचं बोललं की निरोप टिकतो, हे पुष्कळांना ठाऊक होतं. किती जास्तीचं बोललं म्हणजे पुरे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि काव्यशास्त्र तर पुनरुक्तीला दोष म्हणत होतं.

तार आली आणि हा दोष पैशांत मोजला जाऊ लागला. शब्दागणिक दर, त्यामुळे लोक शब्द छाटू लागले. व्यापाऱ्यांनी अख्ख्या वाक्याला एकेक सांकेतिक शब्द ठरवला. आपल्याकडच्या शुभेच्छा तारांत तर दिवाळीच्या, लग्नाच्या, बाळाच्या अभिनंदनाच्या वाक्यांना नुसते क्रमांक होते. तारेतून क्रमांक जाई, पलीकडे पूर्ण वाक्य छापून निघे. बचत मोठी. पण तो एक आकडा बिघडला तर नवरदेवाच्या हाती कोणत्या शुभेच्छा पडतील, याचा नेम नाही. लांबलचक वाक्यातलं एक अक्षर गेलं तर वाचणारा ते मनाने भरून घेतो. क्रमांकात भरून घ्यायला काही उरलेलंच नसतं.

याची सगळ्यात महागडी शिकवण अमेरिकेतल्या फ्रँक प्रिमरोझ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याला १८८७ मध्ये मिळाली. त्याच्या तारेतला सांकेतिक शब्द होता 'बे', म्हणजे मी खरेदी केली आहे. पोहोचला तो 'बाय', म्हणजे खरेदी कर. मोर्सच्या लिपीत दोन्हींमध्ये फरक एका टिंबाचा. एक टिंब जादा पडलं आणि त्याच्या माणसाने भसाभसा लोकर घेतली. नुकसान वीस हजार डॉलर. खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४ मध्ये निकाल लागला: तारेचा खर्च तेवढा परत, एक डॉलर पंधरा सेंट. कारण तारेच्या कागदामागे छापलेलंच होतं की दीडपट पैसे भरलेत तर तार परत पाठवून ताडून पाहू, नाहीतर जबाबदारी आमची नाही. ताळ्याला किंमत असते, हे इतक्या उघडपणे आधी कुठे छापलं गेलं असेल असं वाटत नाही.

दुसरा उपाय लोकांना सुचे तो आवाज चढवण्याचा. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली केबल टाकली. संदेश इतके क्षीण येत की राणीच्या ९८ शब्दांना सोळा तास लागले. वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थाने दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब दिला. केबल तीनेक आठवड्यांत मेली. बहिऱ्याशी ओरडून बोलता बोलता आपलाच घसा जावा, तसं.

आता १९४८. या सालाबद्दल मला एक जुळून आलेली गंमत सांगायचीच आहे. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन नावाचा बत्तीस वर्षांचा तरुण होता. संदेशवहनाच्या गणितावरचा त्याचा निबंध कंपनीच्या नियतकालिकात दोन हप्त्यांत आला, पहिला जुलैमध्ये, दुसरा ऑक्टोबरमध्ये. त्या दोन हप्त्यांच्या मध्ये, १३ सप्टेंबरला, सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. पहिला हप्ता छापला तेव्हा आमचा जिल्हा निजामाचा होता, दुसरा आला तेव्हा भारतात. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्याच नळदुर्गात बसून पोराच्या पडद्यावर लाल चौकट बघताना मला ही तारीख आठवल्याशिवाय राहिली नाही.

शॅननने काय केलं? त्याने अर्थ बाजूला ठेवला. लोकरीचा भाव असो की बारशाचं आमंत्रण, निरोप म्हणजे अनेक शक्यतांतून एकाची निवड, आणि ती हो-नाहीच्या उत्तरांत मोजता येते. या मापाला त्याच निबंधात 'बिट' हे नाव छापून आलं. वाट कुठलीही असो, तार, हवा वा कागद, तिच्यात गोंगाट असणारच. प्रश्न एवढाच की गोंगाटातून बिनचूक बोलायचं तर किती हळू बोलावं लागेल.

सगळ्यांची समजूत अशी होती की अचूकपणा वाढवत नेला तर वेग शून्याकडे जाणार. हिशेब करून पाहू. समजा शून्य-एकच्या शंभर खुणांपैकी एक बिघडते. प्रत्येक खूण तीनदा पाठवली आणि बहुमताने ठरवलं, तर चुका दहा हजारांत तीनवर येतात. पाचदा पाठवली तर लाखात एकाच्या घरात. पण खर्च आधी तिप्पट झाला, मग पाचपट. अजून अचूक हवं? सातपट, नऊपट. तारेची सगळी कमाई उजळणीत गेली.

शॅनन म्हणाला, नाही. याच वाटेवरून शंभर खुणांमागे जवळपास ब्याण्णव खुणा खऱ्या निरोपाच्या पाठवता येतात. जास्तीच्या फक्त आठ. आणि चुका वाटेल तितक्या कमी करता येतात, शून्याच्या जवळ, हव्या तेवढ्या जवळ. प्रत्येक वाटेची एक क्षमता असते. तिच्या आत राहिलात तर अचूकपणासाठी वेग गमवावा लागत नाही, ती ओलांडलीत तर काही केल्या जमणार नाही. गोम अशी की एकेक खूण सुटी पाठवायची नाही. हजारोंचा गठ्ठा बांधायचा, आणि गठ्ठे असे निवडायचे की कोणतेही दोन एकमेकांपासून लांब असावेत, थोडे बिघडले तरी एकाचा दुसरा होऊ नये. आमच्याकडे वडगावं इतकी आहेत की लोक वडगाव सिद्धेश्वर असं पूर्ण नाव घेतात. तेच हे. किंमत पुनरुक्तीत नाही, थांबण्यात आणि हिशेबात भरायची.

पण असे गठ्ठे आहेत एवढंच त्याने सिद्ध केलं. कसे बांधायचे ते सांगितलं नाही.

चूक कळणं वेगळं, ती दुरुस्त होणं वेगळं. गोरा कुंभाराची गोष्ट तेरचीच. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाईने थापटी काय करते ते विचारलं, आणि गोरोबाकाकांनी एकेका संताच्या डोक्यावर ती मारून पाहिली. नामदेव कच्चा निघाला. कुंभाराची थापटी मडकं फुटकं आहे की नाही एवढं सांगते. चीर कुठे आहे ते सांगत नाही, बुजवत तर नाहीच. मडकं बाजूला टाकायचं, दुसरं घ्यायचं. नवाचा ताळा तसा, आधारचा बारावा आकडाही तसाच. मामा समोर बसले होते म्हणून पुन्हा विचारता आलं.

पुन्हा विचारायची सोय नसेल तर? शॅननच्याच इमारतीतल्या रिचर्ड हॅमिंगचा हा वैताग होता. शनिवार-रविवारी तो गणनयंत्राला काम लावून जाई. यंत्राला चूक सापडली की ते त्याचं काम सोडून पुढच्याच्या कामाला लागे, आणि सोमवारी हाती काही नसे. यंत्राला चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये? याचं उत्तर त्याने १९५० मध्ये छापलं: चार खुणांना तीन ताळे असे जोडायचे की कोणकोणते ताळे बिघडले यावरून चुकीची जागाच कळेल. आणि खुणा दोनच, शून्य नि एक. जागा कळली की दुरुस्ती आपोआप. हे अवघड वाटत असेल तर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरातली उभी-आडवी बेरीज आठवा. एक घर चुकलं तर एक आडवी आणि एक उभी बेरीज बिघडते. दोन्ही बोटं जिथे भेटतात तिथे चूक.

१९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोघांनी याहून दणकट रीत काढली. आलेख कागदावर दोन बिंदू दिले की रेषा ठरते. मी दोनऐवजी चार बिंदू पाठवले, सगळे एकाच रेषेवरचे, आणि वाटेत एक सरकला, तर तीन एका ओळीत आणि एक बाहेर दिसेल. कोण खोटा ते सांगायला नको. त्यांनी रेषेऐवजी वक्र घेतले, एवढंच. व्हॉयेजर २ ने १९८६ मध्ये युरेनसची छायाचित्रं पाठवली ती या रीतीने. तिची जोडीदार व्हॉयेजर १ इतकी लांब गेली आहे की तिची हाक यायला जवळपास एक अख्खा दिवस लागतो, आणि तिचा प्रक्षेपक आपल्या ट्यूबलाइटहून कमी वॉटचा आहे. तिला "काय म्हणालीस?" असं विचारायचं तर उत्तर परवा.

हीच रीत १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या सुट्या भागांवर चिकटवायच्या चौकटीत घातली आणि आज ती तुळजापूरच्या हळदी-कुंकवाच्या दुकानांवर चिकटलेली आहे. क्यूआर कोडवर कुंकवाचं बोट उमटलेलं असतं, कोपरा फाटलेला असतो, वर तेलाचा थर. तरी पैसे जातात. ठशातला मोठा वाटा ताळ्याचा आहे म्हणून. सगळ्यात जपून केलेल्या प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत मजकूर नासला तरी चालतो.

आता पुन्हा मामांच्या पस्तीसकडे. माणसाच्या हातून आकडा टिपताना बहुतेक वेळा एक आकडा चुकतो. त्याखालोखाल शेजारचे दोन उलटे पडतात. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी काढलेली रीत, जिचं पेटंट १९६० चं, बँकेच्या कार्डावर आणि मोबाइलच्या आयएमईआयमध्ये आजही आहे. ती उलटापालट पकडते, पण ०९ चे ९० झाले तर फसते. पुस्तकांच्या जुन्या दहा आकडी क्रमांकाने अकराने भागायची युक्ती केली, तीत सगळं पकडलं जातं, पण बाकी दहा उरली की लिहायला आकडाच नाही, मग रोमन दहाची फुली मारावी लागते. पिनकोडला तर ताळाच नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने आखलेला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेला तो सहा आकडी क्रमांक: धाराशिवचा ४१३५०१, तुळजापूरचा ४१३६०१. एक आकडा चुकला की पत्र आईच्या दारात. मात्र पाकिटावर गाव-तालुकाही लिहिलेला असतो, पोस्टमन त्यावरून ताळा करतो. वेलणकरांचं काम म्हणून अडत नाही.

सगळे आकडे शून्य ते नऊमध्येच ठेवून कुठलीही उलटापालट पकडायची, हे कोडं १९६९ मध्ये नेदरलँड्सच्या याकोबस फेरहूफ यांनी सोडवलं. साध्या बेरजेत क्रमाला किंमत नसते, म्हणून ती उलटे आकडे ओळखत नाही. फेरहूफनी बेरीजच बदलली. भाकरीवर एका बाजूला खूण करा. आधी ती थोडी फिरवा, मग उलटा. दुसऱ्या वेळी आधी उलटा, मग तेवढीच फिरवा. खूण एकाच जागी येत नाही. पंचकोनाला फिरवायचे आणि उलटायचे मिळून दहा प्रकार होतात, दहा आकड्यांना दहा. ही भाकरीची बेरीज, आणि जोडीला जागेप्रमाणे आकड्यांची अदलाबदल. एक आकडा चुकला तर पकडते, शेजारचे दोन उलटले तर पकडते, अपवाद नाही. आधारने हीच घेतली.

डच भाषेतही पंचविसाला पाच-आणि-वीस म्हणतात, मराठीसारखं एकक आधी. फेरहूफना उलटापालटीचा इतका ध्यास का, याचं उत्तर मला तरी त्यातच दिसतं. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलं ऐकलेल्या क्रमाने लिहितात आणि आकडे उलटे पडतात. लोकांनी थट्टा केली. नळदुर्गच्या पोराला त्या दिवशी 'तीस पाच' ऐकू आलं असतं तर चौकट लाल झाली नसती. मला स्वतःला 'पस्तीस' सोडवत नाही ती गोष्ट वेगळी.

क्रमांक स्वीकारला गेला होता. मामा उठायला लागले तेवढ्यात पोराने सातबारा उघडला, आधारवरचं नाव शेजारी ठेवलं आणि हात कपाळाला लावला. एकावर वडलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर, आडनावात एकीकडे ऱ्हस्व वेलांटी आणि दुसरीकडे दीर्घ.

"मामा, हे एकच मानूस का दोन?"

"मीच की रं."

"तसं लिहून आणावं लागंल."

नावाला ताळ्याचा आकडा नसतो. मामांनी टोपी सारखी केली, पिशवी उचलली आणि तहसीलच्या गाडीची वेळ विचारली.